बाबांची बुर्जी

गिरणीचं इंजिन चालू असेपर्यंत आमच्या घरात मोठ्यानं बोलावं लागे, आणि ते बंद पडलं की सगळे एकदम गप्प होत. बाबा मूल गावच्या एका राईस मिलमध्ये मिस्त्री होते आणि आम्ही मिलच्याच आवारात, मागच्या भिंतीला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहत होतो. इंजिनाची धडधड भिंतीतून जमिनीत आणि जमिनीतून पाटावर बसलेल्या माणसाच्या मांडीत यायची. जेवताना ती मध्येच थांबली तर बाबांचा हात ताटातच थांबे. मान तिरकी करून ते जरासं ऐकत, "पट्टा सुटला," एवढंच म्हणत आणि खरकट्या हातानं उठून जात. पट्टाच सुटलेला असे. बाबांबद्दल मी पुढं जे लिहिणार आहे ते रागानं लिहिणार आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवते. कामात तो माणूस कधी चुकला नाही.

ती उकड्या तांदळाची गिरणी. आवारात धान वाफवायचे हौद होते आणि त्यांचा आंबूस, गरम वास आमच्या कपड्यांना, अंथरुणांना, लोणच्याच्या बरणीलासुद्धा असायचा. कोंडा तर सगळीकडे. माय दिवसातून दोनदा चटया झटकायची आणि तरी पायाखाली कोंडा लागायचाच. ती मार्कंड्याजवळच्या खेड्यातली, वैनगंगेच्या काठची. गिरणीच्या आवाजात ओरडून बोलणं तिला कधी जमलं नाही, म्हणून ती बोलणंच कमी करत गेली. तिचा राग आम्हाला भांड्यांवरून कळायचा. स्वयंपाक मात्र ती असा करायची की आजही माझ्या तोंडाला दुसरी चव लागत नाही. रोज भातच, पण त्याच्याबरोबर कधी लाखोळीच्या डाळीचं घट्ट वरण, कधी जवसाची चटणी, पावसाळ्यात जंगलातून विकायला आलेल्या कोवळ्या बांबूच्या कोंबांची भाजी. त्या भाजीला आमच्याकडे वास्ते म्हणतात. आणि उन्हाळ्यात तव्यावर भाजलेली मोहाची फुलं तिळाबरोबर कुटून केलेले लाडू. माझ्या पाठची दोन भावंडं लहानपणीच गेली होती. त्या दोन खोल्यांत आम्ही तिघंच होतो, माय, बाबा आणि मी, शांता.

बुद्धिबळ बाबांना एका तेलुगू फिटरनं शिकवलं. सिरोंच्याकडचा तो माणूस इंजिन बसवायला आला होता आणि काम लांबल्यामुळं बरेच महिने राहिला. तो जाईपर्यंत बाबा त्याला हरवू लागले होते. इंजिन ज्या पेटीतून आलं तिच्या झाकणावर बाबांनी पट रंगवून घेतला होता आणि मोहरी स्वतः घडवली होती, एक बाजू सागाची, एक शिसवाची. घोड्यांना कान होते, उंटाला उंटासारखी मान होती. सुरुवातीला गावातले मास्तर, पोस्टमास्तर, गिरणीचे दिवाणजी असे कितीतरी लोक त्या पटावर बसून गेले. बाबा त्यांना पानाचा विडा रंगायच्या आत मात करायचे आणि मग वर समजावून सांगायचे की त्यांची कोणती चाल किती मूर्खपणाची होती. एकेक करून सगळ्यांनी येणं सोडलं. मग उरले मी. आठ वर्षांची असताना त्यांनी मला पटासमोर बसवलं ते काही मुलीला चार गोष्टी शिकवाव्यात म्हणून नव्हे. समोर कोणीतरी हवं होतं म्हणून.

दुपारी तासभर मिल बंद असे. तेवढ्यात जेवण उरकून आम्ही बसायचो. इतकी शांतता असायची की मोहरं पटावर टेकल्याचा आवाज मायला चुलीपाशी ऐकू जायचा. बाबा हरणाऱ्यावर दया दाखवत नसत, माझ्यावरही नाही. मी रडले की ते पाणी प्यायला उठत आणि मी थांबेपर्यंत परत येत नसत. चार वर्षं मी नुसती हरले. मग डाव लांबू लागले. मग कधीकधी बरोबरी होऊ लागली, आणि मी तेरा-चौदा वर्षांची झाले तोवर अशी वेळ आली की भोंगा वाजला तरी बाबा जागचे उठेनात आणि दिवाणजीला बोलवायला यावं लागे.

आमचा खेळ देशी पद्धतीचा होता. त्यात एक नियम असा की समोरच्याची सगळी मोहरी मारून त्याचा राजा एकटा उरला, तर तुम्ही जिंकलात असं होत नाही. त्याला बुर्जी म्हणत, आणि बुर्जी म्हणजे बरोबरी. मात करायची ती समोरच्याजवळ राजाखेरीज निदान एक तरी मोहरं शिल्लक असताना. माझी नात मोबाईलवर बुद्धिबळ खेळते. तिला हा नियम सांगितला तर ती म्हणाली, "आजी, हे तर हरणाऱ्याला बक्षीस दिल्यासारखं झालं." मी तिला म्हटलं, अगदी हेच मी त्या वेळी ओरडून सांगत होते, कोणी ऐकलं नाही.

सातवीची परीक्षा मी चांगल्या मार्कांनी पास झाले तेव्हा आमच्या कन्याशाळेच्या मोठ्या बाई स्वतः घरी आल्या. त्या ताठ बसायच्या आणि कमी बोलायच्या. त्यांनी सांगितलं की चांद्याला, जिल्ह्याच्या गावी, मुलींना शिक्षिकेचं ट्रेनिंग मिळतं, राहायची सोय आहे, शांताचं नाव मी पाठवते, पोर हुशार आहे. माय आत उभी होती. तिनं नुसती माझ्याकडे पाहून मान हलवली. बाबा म्हणाले, "पाहू." बाई गेल्यावर म्हणाले, "नाई." काऊन नाई, असं मी विचारलं तर त्या दिवशी म्हणाले, परक्या गावात पोट्टी कशी ठेवायची. दुसऱ्या दिवशी म्हणाले, मायले कोण मदत करन. तिसऱ्या दिवशी म्हणाले, शिकून झालं तेवढं बहुत झालं. रोज नवं कारण. खोटं बोलणाऱ्या माणसाची हीच खूण असते हे मला तेव्हा कळत नव्हतं. मी प्रत्येक कारणाला उत्तर शोधत बसायची.

खरं कारण मायनं सांगितलं. आम्ही दोघी धान पाखडत होतो आणि इंजिन नुकतंच थांबलं होतं. ती सुपाकडेच बघत म्हणाली, "तुहा बाप तुले धाडत नाई, काऊन तर त्याच्या पटापुढं बसाले दुसरं कोणी नाई. बाकी सारी गोठ लोकाले सांगाची आहे."

माझे हात थांबले. मी तिला विचारलं, "तुले कसं मालूम?"

"मी त्याची बायको होय," ती म्हणाली. "मले त्यानं एकदा शिकवून पाह्यलं होतं. मी घोडा सरळ चालवला मनून पट उचलून ठेवला, तो पुन्हा माह्यापुढं कधी मांडला नाई."

मला तेव्हा जो राग आला तो मला आजही नेमका आठवतो. तो पोटात नव्हता, हातात होता. बाप मुलीला अडवतो ते तिच्या काळजीनं, लोकांच्या भीतीनं, रीतीच्या नावानं, हे मी आजूबाजूला पाहत होते आणि त्यावर भांडायला मी तयार होते. पण मला अडवलं जात होतं ते दुपारच्या एका तासासाठी. मी तशीच उठून मिलमध्ये गेले. बाबा इंजिनाखाली आडवे होते, त्यांचे नुसते पाय दिसत होते. मी त्या पायांना म्हणाले, "तुम्ही मले खेळासाठी ठेवून राह्यले ना?"

ते बाहेर आले नाहीत. पाना फिरवण्याचा आवाज जरा थांबला, मग पुन्हा सुरू झाला. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "मले हरवून दाखव. मंग जा."

एवढं बोलून त्यांना वाटलं असेल की वर्षभराची काळजी मिटली. तोवर मी त्यांना एकदाही हरवलं नव्हतं. पण तिथून पुढं मी खेळायची ते रागानं, आणि रागानं मी चांगली खेळू लागले होते. पोळ्याच्या सुमारास एका दुपारी मी त्यांना साफ मात केली. त्यांनी पटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "माहं ध्यान इंजिनाकडं होतं. हा डाव धरत नाई." पंधरा दिवसांनी मी पुन्हा हरवलं, तेव्हा त्यांना ताप होता म्हणे. त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला, कपाळ थंड होतं.

मी म्हणाले, "घरी तुम्ही रोज काही ना काही सांगसान. पंचापुढं खेळा."

गावच्या वाचनालयात धानाची कापणी आटोपल्यावर दरवर्षी बुद्धिबळाच्या स्पर्धा होत. मूल, सिंदेवाही, गडचिरोलीकडचे खेळणारे येत, एखादा चांद्याहूनही येई. बाबा पाच वर्षं ओळीनं जिंकत आले होते. मी नाव द्यायला गेले तेव्हा पंच म्हणून बसलेल्या पेशकारभाऊंनी वही मिटली. ते तहसिलीतून निवृत्त झालेले, थंडी असो नसो कोट घालणारे गृहस्थ. ते म्हणाले, "बाई, इथी माणसं खेळतात. मुलींसाठी संक्रांतीले रांगोळीची स्पर्धा आहे." मी काही बोलायच्या आत मागून बाबांचा आवाज आला. ते माझ्या मागोमाग आले होते हे मला ठाऊकच नव्हतं. ते म्हणाले, "पेशकारभाऊ, ही माह्यासंगं खेळते. तुमच्यातला कोणी माह्यासंगं चार चाली टिकते का? लिहा तिचं नाव." पेशकारभाऊंनी वही उघडली. बाबा माझ्याकडे न बघता निघून गेले. हेही खरं आहे आणि हेही लिहिलं पाहिजे. त्यांना माझ्याविरुद्ध खेळायचं होतं, आणि चार लोकांनी ते पाहावं असंही वाटत होतं. मुलीचा अभिमान आणि स्वतःचा हट्ट, या माणसात दोन्ही एकाच खोलीत राहत होते. त्यांचं भांडण होत नव्हतं आणि सोसायचं मात्र मला होतं.

तीन दिवस स्पर्धा चालली. पहिल्या दिवशी माझ्यासमोर बसायला लागलं म्हणून सिंदेवाहीचे एक गृहस्थ पाठ फिरवून बसले आणि तिरकस हातानं मोहरी सरकवत राहिले. ते तसेच पाठमोरे हरले. गडचिरोलीच्या एका तरण्या मास्तरानं मला फार दमवलं, पण त्यानं शेवटी स्वतः राजा आडवा केला आणि हात जोडले. तेवढा एकच डाव मी त्या तीन दिवसांत रागावाचून खेळले. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटच्या डावाला पटाच्या एका बाजूला बाबा बसले आणि एका बाजूला मी. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता, पण नखांत वंगण होतंच. वाचनालयाची खोली माणसांनी भरून गेली होती. खिडक्यांतही लोक होते. माय आली नव्हती. ती म्हणाली होती, "कोणी हरलं तरी मलेच दोघाले वाढाचं आहे."

तो डाव मी अजून पहिल्या चालीपासून शेवटपर्यंत मांडू शकते. मांडत नाही. सुरुवातीला बाबांनी मला त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं दाबायला पाहिलं, पण मी ती पद्धत सात वर्षं रोज पाहिलेली होती. त्यांचा उंट मी अडकवून ठेवला. त्यांच्या वजिराला बाहेर येऊ दिलं आणि मग मागची वाट बंद केली. वजिरावजिरी झाली असती तर ते वाचले असते, मी ती होऊ दिली नाही, त्यांचा वजीर नुसताच घेतला. खिडकीतून कोणीतरी म्हणालं, "पोट्टीनं मिस्त्रीले धरलं." बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते मान तिरकी करून पटाकडे पाहू लागले, इंजिन ऐकताना पाहत तसे. तिथं मी सावध व्हायला हवं होतं.

तिथून त्यांनी मोहरी द्यायला सुरुवात केली. एक घोडा असा ठेवला की मारावाच लागावा. मग दोन प्यादी. मग दुसरा उंट. मला वाटलं, ते मोडले. लोकांनाही तसंच वाटलं, माणसं आपसात हसू लागली. मी मारत गेले. प्रत्येक मोहरं उचलताना मला चांद्याची शाळा जवळ येताना दिसत होती. शेवटी त्यांच्याजवळ राजा आणि एक हत्ती एवढंच उरलं. माझ्याजवळ वजीर होता, घोडा होता, एक प्यादं होतं. दोन-तीन चालींत मात होती. आणि तेव्हा बाबांनी तो हत्ती आणून माझ्या राजाच्या शेजारच्या घरात ठेवला आणि म्हणाले, "शह."

हत्तीला कोणाचाच जोर नव्हता. राजानं तो सहज मारता येत होता. मी हात पुढं केला आणि तसाच थांबवला. मारला तर त्यांचा राजा एकटा. बुर्जी. मी राजा सरकवला. हत्ती पुन्हा शेजारी. "शह." मी पुन्हा सरकवला. "शह." माझा राजा जिथं जाईल तिथं तो हत्ती येऊन उभा राही, मार म्हणून. मला मात करायला एक चाल हवी होती आणि ती एक चाल ते मला देत नव्हते. मोहरी त्यांनी याचसाठी दिली होती. पहिला घोडा दिला तेव्हाच त्यांना इथपर्यंतचं दिसलं होतं.

खोलीत आता लोक उघड हसत होते, आणि ते माझ्याकडे पाहून हसत होते. बाबांचा आवाज प्रत्येक वेळी तेवढाच होता, ना मोठा ना लहान. शह. शह. मी किती वेळा राजा हलवला ते आठवत नाही. मला फक्त त्यांची नखं दिसत होती, वंगणानं काळी, दर वेळी तोच हत्ती उचलणारी. मग माझं डोकं फिरलं. मी राजानं त्यांचा हत्ती मारला आणि तो उचलून पटावरून भिरकावला. तो पेशकारभाऊंच्या कोटावर जाऊन आपटला.

पेशकारभाऊ उभे राहिले. "बुर्जी," ते म्हणाले. "डाव बरोबरीत."

मी ओरडले, "हे जिंकणं नाई? याच्याजवळ काहीच उरलं नाई. हे कसं बरोबरीत?"

"नियम आहे, बाई."

"मंग नियम चुकीचा आहे."

पुन्हा हसू उठलं. पेशकारभाऊ म्हणाले की निकाल लागायला हवा, दोघांनी चहा घ्यावा, तासाभरानं पुन्हा एक डाव होईल. बाबा लगेच मोहरी मांडायला लागले. त्यांचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. त्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता, आणखी एक डाव मिळाल्याचा होता. बस, त्या चेहऱ्यानं मला सगळं शिकवलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मी खेळत नाई. आज नाई, उद्या नाई. यांच्यासंगं कधीच नाई."

बाबांचा हात पटावरच राहिला. पेशकारभाऊ म्हणाले की मग नियमानं मिस्त्री जिंकले असं लिहावं लागेल. बाबा म्हणाले, "काही लिहू नका. बरोबरी लिहा. ती नाई खेळत तर मीही नाई." त्या वर्षीच्या वहीत आम्हा दोघांची नावं एका ओळीत लिहिली गेली. गावातल्या लोकांनी नंतर याची मोठी गोड गोष्ट करून सांगितली, बापलेकीचं किती प्रेम म्हणून. ती ऐकली की मला त्या लोकांचाही राग यायचा.

मी बोललेलं पाळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मिल थांबली, बाबांनी जेवून पट मांडला आणि ते बसले. मी ताटं उचलली, शेण लावलं, पटाला वळसा घालून सूप घेऊन अंगणात गेले. भोंगा वाजेपर्यंत ते तसेच बसून होते. तिसऱ्या दिवशी तेच. आठव्या दिवशी त्यांनी मला दरडावलं, "शांते, बस इथी." मी बसले. पण हात मांडीवर ठेवून बसले, मोहऱ्याला शिवले नाही. त्यांनी स्वतः पहिली चाल केली. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. तासभर. त्यांनी पटावर अशी थाप मारली की मोहरी घरभर उडाली. माय चुलीपाशी होती. तिनं वळूनही पाहिलं नाही, फक्त एक उंट तिच्या पायाशी आला तो उचलून फडताळात ठेवून दिला. नंतर ते एकटेच दोन्ही बाजूंनी खेळू लागले. चाल करायची, उठून पलीकडे जाऊन बसायचं, पुन्हा चाल करायची. एक मोठा माणूस असा इकडून तिकडे बसताना मी महिनाभर पाहिला. मला वाईट वाटत होतं. पण वाईट वाटतंय म्हणून मी रोज थोडी जास्तच कठोर होत होते, कारण मला ठाऊक होतं, एकदा बसले की संपलं. मी पंधरा-सोळा वर्षांची होते आणि माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. त्यांना हवी असलेली एकच गोष्ट माझ्या हातात होती.

एक दिवस जेवताना ते मायला म्हणाले, "हिले समजाव."

मायनं त्यांच्या ताटात भात वाढला. म्हणाली, "काय समजावू? ती घरी आहे तरी खेळत नाई. मंग ठेवून काय करता?"

बाबा जेवले. हात धुतला. उंबऱ्यात उभं राहून पाठमोरेच म्हणाले, "मोठ्या बाईले सांगजो, नाव पाठवा मनून."

मला वाटलं होतं की त्या क्षणी माझा राग जाईल. तो गेला नाही. जे माझं होतं ते मला सहज दिलं असतं तर काय बिघडलं असतं, हेच डोक्यात येत राहिलं, आणि तसंच आजही येतं.

उन्हाळा संपता संपता मी निघाले. स्टेशनपर्यंत बाबा पेटी डोक्यावर घेऊन आले. चांद्याची छोटी गाडी तेव्हा वेळेवर कधीच येत नसे. आम्ही पेटीवर शेजारी शेजारी बसलो, मधे वीतभर जागा ठेवून. फलाटावर बांबूच्या मोळ्या पडल्या होत्या आणि त्यांवर एक कुत्रं झोपलं होतं. बराच वेळ गेल्यावर बाबा म्हणाले, "तू जिंकली होतीस."

मी मोळ्यांवरच्या कुत्र्याकडे पाहत राहिले.

"तुहा राजा कोपऱ्यात न्यायचा होता. एका बाजूले घोडा, पुढं प्यादं. मंग माह्या हत्तीले शह द्यायले जागाच नव्हती. पाच चाली लागल्या असत्या."

मी डोळ्यांसमोर पट आणला. कोपरा, घोडा, प्यादं. खरंच होतं ते. पाच चाली. मी म्हणाले, "तुम्हाले तेव्हा दिसलं होतं?"

"पहिला शह दिला तेव्हाच."

"मंग तुम्हाले भेव नाई वाटलं, मले दिसन मनून?"

ते तळहातावरचं वंगण दुसऱ्या अंगठ्यानं घासू लागले. मग म्हणाले, "मी पट पाहून नव्हतो राह्यलो. तुहं तोंड पाहून राह्यलो होतो. तुले राग येऊन राह्यला होता. दोन-चार शह अजून, मनलं, मंग ही मारते."

इतक्या वर्षांत मी या वाक्याचा पुष्कळ विचार केला आहे. त्यात कौतुक होतं, की माफी होती, की शेवटचा एक धडा होता, हे लोकांनी मला वेगवेगळं सांगून पाहिलं. माझ्या नवऱ्याला त्यात बापाची माया दिसायची. मला तेव्हा त्यातलं काही दिसलं नाही. मला एवढंच कळलं की ज्या रागावर मी वर्षभर जगत होते, ज्यानं मला पटावर आणि घरात उभं ठेवलं होतं, तो या माणसानं माझ्या चेहऱ्यावर वाचला आणि एखाद्या मोहऱ्यासारखा वापरला. आणि मी तो त्याला वापरू दिला. त्या दिवसापासून मला एकाऐवजी दोन माणसांचा राग आहे.

गाडी आली. बाबांनी पेटी आत चढवली. मी पायाही पडले नाही, मागं वळून पाहिलं नाही. बाबा त्यानंतर बावीस वर्षं जगले. मी सुट्ट्यांना यायची, नोकरी लागल्यावर अहेरीहून यायची, त्यांचं दुखणं काढलं, शेवटच्या आजारात त्यांना हातानं भरवलं. पटावर मात्र आम्ही समोरासमोर कधीच बसलो नाही. त्यांनीही पुन्हा कधी विचारलं नाही.

गाडी केळझरच्या जंगलात शिरली तरी मी ओठांतल्या ओठांत त्यांच्याशी भांडतच होते. समोरच्या बाकावर एक म्हातारी टेंभराच्या फळांची टोपली घेऊन बसली होती. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत होती. शेवटी तिनं विचारलं, "काऊन वं, सासरी जाऊन राह्यली का?"

"नाई," मी म्हणाले. "शिकाले."

"एकटी?"

"एकटी."

"मंग रडतेस काऊन?"

"रडून नाई राह्यली. राग आला आहे."

तिनं यावर थोडा विचार केला. मग आपली टोपली पायांखाली ओढून घेतली, अंग चोरून बाकाच्या टोकाला सरकली आणि खिडकीजवळची जागा मला करून दिली.